विश्लेषण : वऱ्हाडावरचे हवेचे झाकण दुपारी किती उंच असते? संगणकाचे उत्तर तपासणार कोण?

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे गेला की त्याची बातमी होते. २०२४ च्या मे अखेरीस तर उष्णतेच्या लाटेमुळे अकोल्यात जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लागू केले होते. पण हा पारा जमिनीलगत, साधारण माणसाच्या उंचीवर मोजला जातो. त्याच्या वर हवा किती उंचीपर्यंत घुसळली जात आहे, हा आकडा बातमीत कधी येत नाही. शहरातला धूर किती जागेत पसरणार, फवाऱ्याचे थेंब शिवारात रेंगाळणार की वर जाणार, सकाळचे धुके किती वाजता उठणार, हे बऱ्याच अंशी त्याच आकड्यावर ठरते. हा आकडा म्हणजे वातावरणाच्या सीमास्तराची उंची. एका दिवसात ती दहा-पंधरा पटीने बदलू शकते. अकोला आणि अमरावतीसाठी हा बदल आज संगणकातील मॉडेल तासागणिक सांगतात. त्यांचे उत्तर पडताळून पाहण्यासाठी हवेत सोडला जाणारा फुगा मात्र नागपूरला सुटतो, तोही दिवसातून दोनदा.

सीमास्तर म्हणजे काय?

जमिनीचा थेट परिणाम जिथपर्यंत पोहोचतो तो हवेचा खालचा थर म्हणजे सीमास्तर. सकाळी ऊन पडले की जमीन तापते, तिच्यालगतची हवा तापून वर जाते आणि वरची थंड हवा तिची जागा घेते. चुलीवर ठेवलेल्या पातेल्यातील पाण्यासारखी ही घुसळण सुरू होते आणि ऊन चढेल तसा तिचा पल्ला वाढतो. त्याच्या माथ्यावर तुलनेने उबदार हवेचा थर असतो. खालून येणारी हवा तिथे पोहोचली की तिचा जोर संपतो. म्हणून त्याला झाकण म्हणायचे. दुपारी आकाशात पंख न हलवता गोल फिरत वर जाणारी घार किंवा रिकाम्या शेतातून उठणारी वावटळ ही या घुसळणीचीच दिसणारी रूपे आहेत.

सूर्य मावळला की पातेल्याखालचा जाळ काढून घेतल्यासारखे होते. जमीन झपाट्याने निवते आणि तिला टेकलेली हवाही. थंड, जड हवा खाली आणि तुलनेने उबदार हवा वर अशी उलटी मांडणी तयार होते. झाकण शे-दोनशे मीटरवर येऊन बसते. त्याच्या वर दिवसभर घुसळलेली हवा तशीच पडून राहते. शास्त्रज्ञ तिला उरलेला थर म्हणतात. तो पुढे गोंधळ घालणार आहे.

आकडे ढोबळ सांगायचे तर हिवाळ्यातील पहाटे ही उंची १०० ते ३०० मीटर, पावसाळ्यात भरल्या आभाळाखाली दुपारी किलोमीटरभर, आणि मे महिन्यातील कोरड्या दुपारी मध्य भारतात तीन किलोमीटरच्याही पुढे असू शकते.

अमरावतीकरांना हे झाकण पाहायचे असेल तर चिखलदऱ्यासारखी जागा नाही. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे ३४३ मीटरवर, तर चिखलदरा १,११८ मीटरवर. म्हणजे चिखलदरा शहरापेक्षा पाऊण किलोमीटर वर आहे. डिसेंबरच्या पहाटे गाविलगडाच्या कड्यावरून खाली पाहिले की मैदानावर करड्या धुरकट हवेचा सपाट थर दिसतो, कोणी पट्टीने रेघ मारावी तसा. त्या वेळी चिखलदरा झाकणाच्या वर असते. मे महिन्याच्या दुपारी तेच चिखलदरा झाकणाच्या खूप खाली, त्याच घुसळणीत सापडलेले असते. कोरडी हवा किलोमीटरभर वर गेली की सुमारे १० अंशांनी थंड होते. त्यामुळे पूर्ण घुसळलेल्या दुपारी दोन्ही ठिकाणांच्या तापमानात सात-साडेसात अंशांचा फरक अपेक्षित आहे. पहाटे तो फरक कमी झाला किंवा उलटा झाला, तर झाकण दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसले आहे असा अंदाज करता येतो. डोंगरालाही स्वतःची जमीन असते, त्यामुळे हे काटेकोर मोजमाप नव्हे. तरीही दोन थर्मामीटरच्या खर्चात एवढी माहिती देणारी जागा प्रत्येक जिल्ह्याला मिळत नाही.

उंची मोजतात कशी?

सर्वांत जुनी आणि भरवशाची पद्धत फुग्याची. रेडिओसाँड नावाचे छोटे उपकरण फुग्याला बांधून सोडतात. मिनिटाला साधारण ३०० मीटर वेगाने वर जाताना ते तापमान, आर्द्रता आणि दाब यांची नोंद पाठवते. फुगा कुठे सरकला यावरून वारा कळतो. म्हणजे तीन किलोमीटरचा उभा छेद दहा मिनिटांत हाती येतो. भारतात भारतीय हवामानशास्त्र विभागाची अशी ५० हून अधिक केंद्रे आहेत. अमरावतीला सर्वांत जवळचे नागपूर, दीडशे किलोमीटरवर. अकोल्यापासून ते अडीचशे किलोमीटर पडते.

दुसरी पद्धत सिलोमीटरची. हे यंत्र जमिनीवरून वर लेझरचे ठोके सोडते आणि हवेतील धूलिकणांवर आदळून परत आलेला प्रकाश मोजते. ज्या उंचीवर धूळ एकदम कमी होते तिथे झाकण. याचा फायदा म्हणजे ते रात्रंदिवस, दर काही सेकंदांनी मोजत राहते. तोटा संध्याकाळी कळतो. खाली नवे झाकण बसले तरी वरच्या उरलेल्या थरात दिवसभराची धूळ तरंगत असतेच. सिलोमीटर ती धूळ पाहून झाकण अजून दीड किलोमीटरवर असल्याचे सांगू शकतो. त्याच क्षणी फुगा तापमान पाहून १५० मीटर सांगेल. दोघेही खोटे बोलत नाहीत. एकाने धूळ मोजली, दुसऱ्याने तापमान.

म्हणूनच ‘निरीक्षण’ या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवणे धोक्याचे आहे. अमेरिकेच्या डायन सायडेल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये फुग्यांच्या त्याच नोंदींवर वेगवेगळ्या व्याख्या लावून पाहिल्या, तेव्हा उत्तरांत काहीशे मीटरचा फरक पडला. फुगा तोच, नोंद तीच, फक्त ‘झाकण कशाला म्हणायचे’ हे बदलले. तेव्हा मॉडेल आणि निरीक्षण यांची तुलना करणाऱ्या कोणत्याही अहवालात पहिला प्रश्न हा विचारायचा, की दोन्हीकडे व्याख्या एकच वापरली आहे का? नसेल तर पुढची पाने वाचण्यात फार अर्थ नाही.

साडेपाचची अडचण काय आहे?

जगभरातील फुगे ग्रिनिच वेळेनुसार शून्य आणि बारा वाजताच्या नोंदीसाठी सोडले जातात. भारतात ती वेळ पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच. सगळ्या जगाचे हवामान एकाच क्षणी टिपायचे असल्याने ही शिस्त योग्यच आहे. पण सीमास्तराच्या दैनंदिन बदलासाठी याहून गैरसोयीच्या वेळा शोधून सापडणार नाहीत. झाकण सकाळी आठ ते अकरा या काळात वेगाने उठते आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास सर्वांत उंच असते. या दोन्ही वेळी आकाशात फुगा नसतो.

त्याहून बारीक गोची ऋतूंची आहे. मे अखेरीस नागपूरला सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि पावणेसातच्या आसपास मावळतो. म्हणजे संध्याकाळचा फुगा सुटतो तेव्हा सूर्यास्ताला तास-सव्वा तास असतो आणि झाकण अजून बरेच वर असते. डिसेंबरमध्ये सूर्यास्तच साडेपाच-पावणेसहाला होतो. तोच फुगा तेव्हा झाकण कोसळल्यावर किंवा कोसळताना वर जातो. घड्याळ एकच, पण मे महिन्यात ते दुपारचा शेवट दाखवते आणि डिसेंबरमध्ये रात्रीची सुरुवात. मग ‘उन्हाळ्यात संध्याकाळी अडीच किलोमीटर आणि हिवाळ्यात दोनशे मीटर’ अशी तुलना कोणी मांडली, तर त्यातला किती फरक ऋतूचा आणि किती घड्याळाचा, हे वेगळे काढावे लागते. अनेकदा ते काढले जात नाही.

मधले तास भरून काढण्याची एक जुनी युक्ती आहे. अमेरिकेतील हॉल्झवर्थ यांनी १९६४ मध्ये ती मांडली. पहाटेच्या फुग्याचा तापमानाचा आलेख घ्यायचा, दिवसभरातील जमिनीवरचे तापमान घ्यायचे आणि तेवढी तापलेली हवा त्या आलेखात कुठपर्यंत वर जाऊ शकेल हे काढायचे. युक्ती चांगली आहे आणि प्रदूषणाच्या अभ्यासात ती अजून चालते. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २००८ मध्ये देशातील तासागणिक मिश्रण उंचीचा नकाशासंग्रहही प्रसिद्ध केला. पण या युक्तीने काढलेला दुपारी दोनचा आकडा मोजलेला नसतो. तो पहाटेच्या मोजमापावरून केलेला हिशेब असतो. पहाटेनंतर वारा बदलला, वरून दुसरी हवा आली, तर हिशेबाला त्याचा पत्ता नसतो.

मग मॉडेल काय करते?

मॉडेल पृथ्वी चौकोनांत कापते, प्रत्येक चौकोनावर हवेचे थर रचते आणि भौतिकशास्त्राची समीकरणे सोडवत पुढे जाते. युरोपीय केंद्राची ‘ईआरए-५’ ही सर्वाधिक वापरली जाणारी माहिती तासागणिक सीमास्तराची उंची देते, अगदी १९४० पासूनची, आणि ती कोणालाही फुकट उतरवून घेता येते. तिचा चौकोन सुमारे ३१ किलोमीटरचा. झाकण शोधताना ती जमिनीपासून वर जात प्रत्येक पातळीवर एक गुणोत्तर काढते. हवेची स्थिरता घुसळण दाबते आणि वाऱ्यातील फरक ती वाढवतो, या दोघांच्या झटापटीचे हे गुणोत्तर. ते जिथे प्रथम ०.२५ च्या पुढे जाते तिथे झाकण.

खरी अडचण अशी की हवेचे भोवरे मॉडेलच्या चौकोनापेक्षा फार लहान असतात. ते मॉडेलला दिसत नाहीत, त्यामुळे त्यांच्या परिणामासाठी ठोकताळे वापरावे लागतात. पुण्या-नागपूरच्या विद्यार्थ्यांच्या संगणकांवरही चालणाऱ्या ‘डब्ल्यूआरएफ’ या मुक्त मॉडेलमध्ये असे अनेक ठोकताळे दिलेले असतात. एका फाइलमधील १ हा अंक बदलून २ केला की ठोकताळा बदलतो. एका ठोकताळ्यात मोठे भोवरे जमिनीवरची उष्णता थेट वरपर्यंत पोहोचवतात, दुसऱ्यात उष्णता शेजारच्या थरातून शेजारच्या थरात हळूहळू जाते. पहिला साधारणपणे दुपारचे झाकण उंच दाखवतो, दुसरा खाली. दिवस तोच, शहर तेच, आणि उत्तरात काहीशे मीटरचा फरक. कोणता अंक ठेवायचा हे ठरवायला मोजमाप लागते. मोजमाप नसेल तर आधीच्या प्रबंधात जो अंक होता तोच पुढच्या प्रबंधात येतो.

‘ईआरए-५’ नागपूरच्या फुग्याशी जुळते, हा दावाही तपासून घ्यावा. ही माहिती तयार करतानाच जगभरातील फुग्यांच्या नोंदी तिच्यात मिसळलेल्या असतात. त्याच फुग्यांवर तिची परीक्षा घेणे म्हणजे पेपर फुटलेल्या परीक्षेत गुण मोजणे. खरी परीक्षा फुगा नसलेल्या वेळी आणि फुगा नसलेल्या गावी.

वऱ्हाडात मॉडेल कुठे अडखळते?

जमिनीत. वऱ्हाडातील काळी भारी जमीन उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगांनी फाटते आणि पावसाळ्यात पाणी धरून बसते. सूर्याची उष्णता जमिनीवर पडली की तिचे दोनच मोठे खर्च असतात. हवा तापवणे किंवा पाण्याची वाफ करणे. एका चौरस मीटरवरील एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. त्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात त्या जागेवरील किलोमीटरभर उंच हवेचा स्तंभ साधारण दोन अंशांनी तापला असता. म्हणजे मॉडेलने दिवसाचे बाष्पीभवन फक्त एका मिलिमीटरने चुकवले तरी झाकणाचा हिशेब बिघडतो. मॉडेलला काळ्या मातीतील ओल नेमकी ठाऊक नसते, ती तेही अंदाजानेच धरते. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडल्यावरचे आठ-दहा दिवस म्हणूनच सर्वांत अवघड.

त्यात चौकोनांचा प्रश्न. अकोला ते अमरावती सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आसपास. ३१ किलोमीटरच्या चौकोनात हा सगळा पट्टा जेमतेम तीन घरांत संपतो. एकाच घरात वरुड-मोर्शीकडची ओलिताची संत्राबाग आणि तिच्या बाजूचे उन्हाळ्यात ओसाड पडलेले कोरडवाहू शेत यांची सरासरी होते. गाविलगडचा कडा आणि त्याच्या पायथ्याचे मैदान यांचीही. पूर्णेचे खोरे उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगा यांच्यामध्ये पसरलेले आहे. हिवाळ्यात रात्री दोन्हीकडून थंड हवा उताराने खाली उतरते आणि खोऱ्यात साचते. ३१ किलोमीटरच्या घराला हा उतार दिसत नाही. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’चा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. त्यात अकोला-अमरावतीमध्ये तेरा-चौदा घरे बसतात. सुधारणा मोठी आहे. पण चौकोन लहान केल्याने मातीतील ओल आपोआप बरोबर होत नाही. चुकीचा आकडा जास्त बारीक नकाशावर दिसू लागतो, एवढाच धोका.

चूक मीटरमध्ये मोजायची की पटीत?

मॉडेल आणि निरीक्षण यांच्या तुलनेत हमखास एक तक्ता असतो. सरासरी चूक इतके मीटर. हा तक्ता फसवा आहे. समजा, मे महिन्यातील दुपारी खरे झाकण २,५०० मीटरवर आहे आणि मॉडेल ३,००० सांगते. चूक ५०० मीटरची, ऐकायला केवढी तरी मोठी. पण धूर तेवढाच असेल तर खरी हवा मॉडेलच्या अंदाजापेक्षा २० टक्के जास्त दूषित निघेल. आता डिसेंबरच्या पहाटे खरे झाकण २०० मीटरवर आहे आणि मॉडेल ३०० सांगते. चूक फक्त १०० मीटर. पण खोली तेवढीच लहान झाल्याने धुराचे प्रमाण अंदाजापेक्षा ५० टक्के जास्त. तक्त्यात पहिली चूक पाचपट मोठी दिसेल, फुप्फुसाला दुसरी मोठी लागेल.

वेळेची चूकही तशीच. दिवाळीच्या दिवसांत अमरावतीला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. बाजारातील गर्दी आणि वाहने त्यानंतरच वाढतात, फटाके त्याहून उशिरा. मॉडेलने झाकण तासभर उशिरा खाली आणले, तर दिवसातील सर्वांत धुरकट तास त्याच्या हिशेबात मोकळ्या हवेचा ठरतो. चोवीस तासांची सरासरी काढली की ही चूक दिसेनाशी होते. त्यामुळे वऱ्हाडासाठी कोणी असा अभ्यास केला, तर त्यात सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ हे तास वेगळे दाखवायला हवेत. दुपारचा आलेख सुंदर जुळला म्हणून मॉडेल पास करू नये.

सामान्य माणसाचे यात काय अडते?

केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, म्हणजे जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत, हवेच्या निकषांवर नापास शहरांच्या यादीत अकोला आणि अमरावती ही दोन्ही नावे आहेत. २०१७-१८ च्या तुलनेत २०२५-२६ पर्यंत धूलिकण ४० टक्क्यांनी कमी करण्याचे कार्यक्रमाचे लक्ष्य ठरले. ते गाठले की नाही हे जमिनीवरच्या यंत्रांच्या आकड्यांवरून ठरते. पण एखादा हिवाळा वाऱ्याचा गेला, झाकण रोज थोडे उंच राहिले, तर महापालिकेने काहीही न करता आकडे सुधारतील. पुढच्या हिवाळ्यात उलटे होईल आणि चांगले काम करूनही बोल खावे लागतील. धूर कमी झाला की खोली मोठी झाली, हे झाकण मोजल्याशिवाय सांगता येत नाही. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिले, की या कार्यक्रमातील ६४ टक्के निधी रस्त्यावरची धूळ कमी करण्यावर खर्च झाला. रस्ते झाडावेत, त्याला कोणाचा विरोध नाही. पण त्यातील अगदी थोडा वाटा वर पाहणाऱ्या यंत्रासाठी काढणे अवघड नव्हते.

दिल्लीत हवामान विभाग हवेचा निर्देशांक सांगताना झाकणाची उंची आणि वाऱ्याचा वेग यांचा गुणाकारही देतो. तो ६,००० च्या खाली आणि वारा ताशी १० किलोमीटरपेक्षा कमी असेल तर प्रदूषण साचणार असे समजतात. पहाटेचे २०० मीटरचे झाकण आणि सेकंदाला दोन मीटर वारा धरला तर गुणाकार ४०० येतो. इतक्या खाली आल्यावर झाकण २०० होते की ३००, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

उंच चिमण्यांचे गणितही यातच आहे. औष्णिक वीज केंद्रांच्या २१० ते ५०० मेगावॉटच्या संचांसाठी आपल्याकडे २२० मीटर चिमणीचा दंडक ठरला. अकोला जिल्ह्यातील पारसचे संच २५० मेगावॉटचे, अमरावतीजवळच्या नांदगावपेठचे २७० मेगावॉटचे. म्हणजे दोन्ही या गटातले. हिवाळ्यातील रात्री झाकण चिमणीच्या तोंडाखाली असेल तर धूर वरच्या वर राहतो आणि खालच्या गावांना त्रास होत नाही. सकाळी झाकण उठत उठत त्या धुरापर्यंत पोहोचले की घुसळणीत तो खाली ओढला जातो आणि थोडा वेळ जमिनीवर प्रमाण एकदम वाढते. कोणत्याही उंच चिमणीला हे लागू आहे, यात कोणाचा दोष काढण्याचा प्रश्न नाही. प्रश्न इतकाच, की हा अर्धा-पाऊण तास आठ वाजता येतो की साडेनऊला, म्हणजे मुले शाळेच्या रस्त्यावर असताना की वर्गात बसल्यावर? मॉडेलच्या उत्तरात एवढा फरक सहज पडतो.

शेतकऱ्याचा संबंध त्याहून जुना. थंडीच्या लाटेत बागेत पहाटे ओला पालापाचोळा पेटवून धूर करतात. तो धूर बागेवर रेंगाळतो, कारण झाकण खाली असते. वऱ्हाडात ज्याला धुवारी म्हणतात आणि जी तुरीच्या फुलोऱ्यावर बसली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, तीही याच उथळ थरातील करामत. फवारणीचे तर उघडच आहे. स्थिर, उलट्या थरात बारीक थेंब वर जात नाहीत, हवेत तरंगत शेजारच्या वावरात आणि फवारणाऱ्याच्या नाकात जातात. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले. त्यामागे डोक्याएवढी वाढलेली कपाशी, औषधांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव अशी अनेक कारणे होती. ती दुर्घटना हवेच्या माथी मारणे चूक ठरेल. पण फवारणीची वेळ सांगताना पाऊस आणि वाऱ्यासोबत झाकणाचाही विचार व्हावा, एवढे तरी त्यातून घ्यायला हरकत नव्हती. ग्रामीण कृषी मौसम सेवेच्या अंदाजात पाऊस, कमाल-किमान तापमान, सकाळ-दुपारची आर्द्रता, वाऱ्याचा वेग, दिशा आणि ढग असे आठ घटक येतात. सीमास्तर त्यात नाही.

मग करायचे काय?

मोजमाप उभे करणे देशाला नवे नाही. १९९० मध्ये मॉन्सून द्रोणीतील सीमास्तर समजून घेण्यासाठी ‘मॉन्टब्लेक्स’ प्रयोग झाला, जोधपूर ते खरगपूर. १९९७ मध्ये गुजरातमधील साबरमती खोऱ्यात जमीन आणि हवेच्या देवाणघेवाणीचा प्रयोग झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरला ढगांच्या अभ्यासासाठी यंत्रे लावली होती. आणि मार्च २०२४ मध्ये याच संस्थेचे कायमस्वरूपी संशोधन केंद्र मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यातील सिलखेडा येथे सुरू झाले. सुमारे १०० एकर जागा, पहिल्या टप्प्यात २५ उपकरणे, त्यांत सिलोमीटरही आहे. माती काळी, वऱ्हाडासारखीच.

यावर लगेच म्हटले जाईल, की मग सिलखेड्याच्या आकड्यांवरच मॉडेल सुधारा आणि तेच अकोल्याला लावा. निम्मे बरोबर आहे. उन्हाळ्यात, दोन्हीकडची शेते उघडी असताना, ते चालून जाईल. हिवाळ्यात सिहोरकडे ओलिताचा शरबती गहू हिरवागार उभा असतो आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट असल्याने बरेचसे शिवार पावसाच्या उरल्या ओलीवर चालते. एकीकडे ऊन वाफेत जाते, दुसरीकडे हवा तापवण्यात. तिथे सिलखेड्याचा आकडा उसना घेता येणार नाही.

अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. १९६९ पासूनचे, हवामान आणि पिकांचे काम करणारे, मोकळ्या जागेचे. अमरावतीत संत गाडगे बाबा विद्यापीठ आहे. दोन्हीकडे एकेक सिलोमीटर आणि चिखलदऱ्याला एक नीट बसवलेले तापमान केंद्र, एवढ्यावर कायमची सोय होईल. सिलोमीटर संध्याकाळी फसतो, म्हणून त्याच्या जोडीला वर्षातून दोनदा फुगे हवेत. एकदा मे अखेरीस नवतप्यात, एकदा डिसेंबरमध्ये तूर फुलोऱ्यात असताना. प्रत्येक वेळी दहा दिवस, दर तीन तासांनी एक, म्हणजे वर्षाला १६० फुगे. त्यांतील दुपारी अडीच आणि सकाळी साडेआठचे फुगे सर्वांत मोलाचे, आणि त्यांची नोंद तुलना पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मॉडेलला पुरवू नये.